ताल पुढे, सूर मागे: ढोलांनी चालवलेलं संगीत ऐकायचं कसं

तबल्याचं एकलवादन चालू असतं तेव्हा शेजारचा पेटीवाला एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत असतो. त्रितालातली सोळा मात्रांची एक ओळ. ती संपते आणि लगेच पहिल्यापासून सुरू होते. तबलजी पेशकार मांडो, कायदा उलगडो, रेल्याचा झपाटा लावो की गती-तुकड्यांकडे वळो, पेटी आपली जागा सोडत नाही. आलाप नाही, तान नाही, एखादी मुरकी घ्यायचाही मोह नाही. या सुरावटीला लेहरा म्हणतात, कुठे कुठे नगमा म्हणतात. नवख्या श्रोत्याला ती शोभेपुरती वाटते. पण त्या मैफलीत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे सांगायची सगळी जबाबदारी तिच्यावर असते. एरवी गायकामागे ठेका धरून तबला जे करतो, ते इथे सूर करतात.

ही अदलाबदल ध्यानात आली की जगभरच्या तालप्रधान संगीतात शिरायला वाट मिळते. ढोल पुढे आला म्हणजे तो जास्त जोरात वाजतो, असा सर्वसाधारण समज आहे. बदल आवाजात फारसा नसतो, तो कामाच्या वाटणीत असतो. आवर्तन कोणीतरी दाखवत राहावं लागतं, नाहीतर कुठून निघालो आणि कुठे पोचायचंय हे कोणालाच कळणार नाही. खालचा भरणा कोणीतरी करावा लागतो. आणि कोणीतरी एक मोकळा लागतो: ज्याला ठेका सोडायची, अडवायची, मध्येच गप्प व्हायची मुभा आहे. ख्यालाच्या मैफलीत हा मोकळा माणूस गायक असतो. तालप्रधान संगीतात तो वादक असतो, आणि सुरांची वाद्यं धरून बाकी सगळे त्याच्या पायाखालची जमीन घट्ट ठेवतात.

म्हणून असं काही ऐकायला बसलात की सगळ्यात मोठा ढोल कोणता, हे आधी पाहू नका. इथे कोण अजिबात बदलत नाही आणि बदलायची मुभा कोणाला आहे, एवढं शोधा. बाकीचं आपोआप उलगडत जातं.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतलं पथक घ्या. नजर जाते ती ढोलांच्या रांगांकडे. कमरेला बांधलेला भलामोठा ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पण ते सगळे ढोल मिळून एक साधा ठेका पक्का धरून असतात. बोलतो तो ताशा. उथळ भांड्यासारखं ते वाद्य, वर ताणलेला पडदा आणि हातात दोन बारीक काड्या. सुरुवात ताशा करून देतो, लय तोच चढवतो, पुढचा ठेका कोणता आणि थांबायचं कधी हेही आपल्या तुकड्यातून तोच सांगतो. टोल आणि झांजा मात्रा दाखवत राहतात. इतक्या लहान वाद्याकडे पुढारपण जाण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ढोलाचा घुमारा लांब जातो, पण त्याची कडा बोथट असते. पन्नास ढोलांच्या गजरात एकाने काढलेली बारीक नक्षी कोणालाच ऐकू यायची नाही. ताशाची काडी त्या सगळ्या घुमाऱ्यातून आरपार येते. गोव्यात चवथीच्या आरत्यांना घुमट आणि शामेळ वाजतात, तिथेही काळ राखायचं काम झांजेच्या जातीच्या कासाळ्यांकडेच असतं.

मात्र लहान वाद्य पुढारी आणि मोठं वाद्य हमाल, असा काही जगाचा नियम नाही. आफ्रिकेत गेलं की तो उलटतो.

बारा मात्रा, सात टोले

घानाच्या आग्नेय भागात आणि लगतच्या टोगोत एवे लोकांची वस्ती आहे. त्यांचा आग्बेकोर हा मुळातला युद्धनृत्याचा प्रकार. त्यातल्या वाद्यवृंदात सुरांचं एकही वाद्य नाही. गांकोगुई नावाची दोन तोंडांची लोखंडी घंटा, आहात्से नावाचा मण्यांच्या जाळीचा भोपळी खुळखुळा, आणि मग ढोल: कागानू सगळ्यात लहान, त्याहून मोठे किदी आणि सोगो, आणि आत्सिमेवू हा साधारण साडेचार फुटी, लाकडी घोडीला तिरका टेकवून उभ्याने वाजवायचा.

कधीच न बदलणारी आहे ती घंटा. तिची ओळ समजून घ्यायला आपल्या घरातली पेटी फार उपयोगी पडते. पांढरी एक, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, तिच्यापासून सुरुवात करा आणि वरच्या पांढरी एकच्या आधीपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या मोजा. एकही न गाळता, सारख्या गतीने डावीकडून उजवीकडे त्यांच्यावरून सरका. पांढरी पट्टी आली की टोला, काळी आली की गप्प. टोला, गप्प, टोला, गप्प, टोला, टोला, गप्प, टोला, गप्प, टोला, गप्प, टोला. झालं एक आवर्तन. सा रे ग म प ध नी या शुद्ध स्वरांमधली जी लहानमोठी अंतरं आहेत, तीच इथे काळात पसरली आहेत. मला हा योगायोग फार आवडतो. ज्याने कधी पेटीवर बोटं ठेवली आहेत त्याला एवे घंटा अर्ध्या मिनिटात पाठ होते.

आता हातांनी घंटेची ती ओळ वाजवत ठेवा आणि पायाने दर तीन मात्रांनी ठोका द्या: पहिली, चौथी, सातवी, दहावी. चार ठोक्यांपैकी पहिल्या आणि दहाव्या मात्रेवरच्या ठोक्यांना घंटा तुमच्या सोबत आहे. चौथी आणि सातवी मात्रा तिने मोकळी सोडली आहे, तिथे पाय एकटाच पडतो. मग पाय बदला, दर दोन मात्रांनी ठोका द्या. पहिली, तिसरी, पाचवी अगदी बरोबर जुळतात, आणि सहाव्या मात्रेपासून घंटा दोन ठोक्यांच्या नेमकी मध्ये पडायला लागते, ती आवर्तन संपेपर्यंत. घंटेत काहीच बदललेलं नाही. बदलला तो आपला पाय. तरी आधी जी ओळ शांत चालत होती, ती आता अर्ध्यात पाय घसरल्यासारखी वाटते.

या संगीताचं सगळं बळ इथे आहे. युरोपीय कानाला किंवा आपल्याही कानाला पहिल्यांदा वाटतं की पाच-सहा जण पाच-सहा वेगवेगळे ताल वाजवत आहेत. तसं नसतं. काळ एकच, बारा मात्रांचा. प्रत्येक जण त्याच बारा मात्रांवर वेगळ्या ठिकाणी वजन टाकतो. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातांनी, पायांनी आणि तोंडाने वेगवेगळे ताल एकाच वेळी चालवत, असं त्यांच्याविषयी सांगतात. त्यांनी एका देहात जे साधलं, ते एवे गावात सगळे मिळून वाटून घेतात. कागानूचा वादक आपला चिमुकला तुकडा रात्रभर तसाच वाजवतो, आणि त्याला कोणी दुय्यम समजत नाही. तो सरकला तर सगळेच सरकतील.

मोकळीक आहे ती आत्सिमेवूला. सगळ्यात मोठा, जाड आवाजाचा, हाताने आणि काठीने वाजणारा. तो वाक्य टाकतो, किदी आणि सोगो त्याला जबाब देतात. नाचणारे त्याच्याकडेच कान लावून असतात, कारण पुढची हालचाल कोणती हे त्याच्या वाक्यातून कळतं. ताशाचं काम इथे सगळ्यात थोरल्या ढोलाकडे आहे. मोठ्याने पुढे बोलायचं आणि धाकट्यांनी धरून ठेवायचं, ही रीत अटलांटिकपलीकडेही गेली. गुलामांच्या जहाजांतून जी माणसं ब्राझीलला आणि क्यूबाला नेली गेली, त्यांच्याबरोबर ही घंटाही गेली. ब्राझीलमधल्या कांदोंब्लेच्या पूजेत रुम, रुम्पी आणि ले असे तीन ढोल असतात. त्यातला सगळ्यात मोठा रुम हाच मोकळा. घंटेच्या सात टोल्यांची तीच ओळ तिथे आजही ऐकू येते.

१९७० साली स्टीव्ह राइश हा अमेरिकन संगीतकार एवे वादन शिकायला घानाला गेला. परतल्यावर त्याने साधारण तासाभराची एक रचना केली, तिचं नाव ‘ड्रमिंग’. १९७१ मध्ये ती न्यूयॉर्कला सादर झाली. बाराच मात्रा, सुरुवातीला त्यात फक्त एक ठोका, आणि मग एकेका रिकाम्या मात्रेत एकेक ठोका भरत जायचा. पुढे एक वादक दुसऱ्याच्या किंचित पुढे सरकतो आणि त्या सरकण्यातून नवीच नक्षी उमटते. ही सरकवण्याची युक्ती घानातली नव्हे, ती त्याची आधीपासूनची. पण ढोलांवर एवढी लांब, गंभीर रचना उभी राहू शकते हा विश्वास त्याला घानात मिळाला.

शहाण्णव, अठ्ठेचाळीस, चोवीस, बारा, सहा

आता आपल्याच देशात या. केरळच्या देवळांतलं चेंडा मेळम हे मला जगातल्या तालप्रधान संगीतातलं सर्वांत भव्य वास्तुकाम वाटतं, आणि महाराष्ट्रात त्याची ओळख ‘केरळी ढोल’ यापलीकडे जाऊ नये याचं वाईट वाटतं. लग्नात किंवा एखाद्या उद्घाटनाला पाच-दहा मिनिटं जे ऐकू येतं ते मेळम नव्हे, त्याचं शेपूट आहे.

चेंडा म्हणजे फणसाच्या लाकडाचा नळकांड्यासारखा ढोल, खांद्यावरून उभा टांगून काठ्यांनी वाजवायचा. त्याच्या एका तोंडाला तीक्ष्ण, खणखणीत आवाज असतो. दुसऱ्या तोंडाला चामड्याचे थर असल्याने तिकडचा आवाज जाड. मेळममध्ये यावरूनच कामं वाटलेली असतात. खणखणीत तोंडावर वाजवणारे उरुट्टु चेंडावाले पुढच्या रांगेत. त्यांच्या मधोमध प्रमाणी, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या. त्यांच्या मागे जाड तोंडावर नुसता ठोका धरणारे वीक्कन चेंडावाले. त्यांच्याही मागे इलत्तालम, काशाच्या जड झांजा. समोरच्या बाजूला, प्रमाणीकडे तोंड करून, कुळल हे सनईच्या जातीचं वाद्य वाजवणारे, आणि त्यांच्या पाठीशी आपल्या शिंगासारखे वळलेले कोंबू.

म्हणजे सुराची दोन वाद्यं इथे आहेत. पण कुळलवाला राग आळवत नाही. त्याच्या सुरावटी तालाच्या वळणांनी चालतात, आवर्तन कुठवर आलंय ते दाखवतात. लेहऱ्याचीच ही जात, फक्त देवळाच्या उघड्या अंगणात आणि शे-दोनशे माणसांच्या मेळ्यात.

मेळमचे प्रकार अनेक, त्यात पंचारी सगळ्यात नेटका. त्याचा ताल सहा अक्षरांचा, म्हणजे सहा मात्रांचा. पण वादन सहापासून सुरू होत नाही. पाच काळ, म्हणजे पाच टप्पे असतात, आणि पहिल्या काळात आवर्तन शहाण्णव अक्षरांचं, म्हणजे सहाच्या सोळा पट. दुसऱ्यात अठ्ठेचाळीस, तिसऱ्यात चोवीस, चौथ्यात बारा, आणि पाचव्यात उरतात ती मूळची सहा. प्रत्येक काळात तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, लय हळूहळू चढत जाते, एका टोकाला पोचली की प्रमाणी ते आवर्तन मिटवतो आणि निम्म्या लांबीचं उघडतो. हे सगळं पुरं व्हायला तीन तास सहज लागतात.

ख्याल ऐकणाऱ्याला विलंबिताकडून द्रुताकडे जाणं परिचयाचं आहे. पण ख्यालात लय चढते तेव्हा रागाचा विस्तार होत असतो. लय त्याला वाहून नेते. पंचारीत वाहून न्यायला दुसरं काही नाही. आवर्तनाची लांबी हाच विषय, तिचं आकसत जाणं हीच कथा. पहिल्या काळात शहाण्णव अक्षरांचा पल्ला इतका लांब असतो की अनोळखी माणसाला तो आकार म्हणून जाणवतच नाही, नुसते विखुरलेले ठोके ऐकू येतात. दुसऱ्यात काहीतरी परत परत येतंय याची चाहूल लागते. तिसऱ्या काळापर्यंत अंगाला कळायला लागतं. चौथ्यात गर्दीतल्या प्रत्येकाला सम ठाऊक असते. आणि पाचव्यात, तीन तास दूरवरून पाहिलेली ती गोष्ट सहा अक्षरांत तळहातावर येते, तेव्हा हजारो माणसं हात उंचावून तिच्या लयीत हेलावत असतात. जाणते श्रोते पहिल्या काळापासूनच बोटांवर मोजत हात हलवत असतात; त्यांच्यापैकी एखाद्याच्या शेजारी उभं राहणं हा मेळम शिकायचा सगळ्यात सोपा मार्ग.

प्रमाणीच्या समोर कागद नसतो, हातात छडी नसते. तो स्वतः वाजवत असतो, आणि त्याच्या चेंड्यातून, खांद्याच्या हालचालीतून, समोरच्या मुख्य कुळलवाल्याशी होणाऱ्या नजरानजरेतून पुढचं वळण सगळ्यांना कळतं. त्रिशूरच्या पूरम या देवळाच्या उत्सवात दुपारी वडक्कुन्नाथन देवळाच्या आवारात दोन-अडीचशे वादकांचं इलंजित्तरा मेळम होतं. तिथल्या ज्या इलंजीवरून हे नाव पडलं, ती म्हणजे आपली बकुळ. इथे वाजतो तो पांडी, सात अक्षरांचा. पांडी एरवी देवळाच्या कोटाबाहेर वाजवायची रीत आहे, पूरमचा हा मेळा त्याला अपवाद. पेरुवनम कुट्टन मारार यांनी दोन दशकांहून अधिक काळ इथलं प्रमाणीपण केलं. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण मिळालं तर फक्त एवढंच ऐका: एक काळ मिटून दुसरा उघडताना अडीचशे माणसं कशी एका क्षणात वळतात.

जुनं वाटणारं, पण नवं

ढोलांच्या संगीताविषयी बोलताना ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द फार पटकन तोंडी येतात. वाद्यं जुनी असतात, हे खरं. पण ढोलांचे जे प्रचंड ताफे आज जगभर दिसतात, त्यातले कित्येक विसाव्या शतकात घडले आहेत.

जपानमधला तायको म्हटला की डोळ्यांपुढे येतात एका रांगेत उभे राहून महाकाय ढोल बडवणारे वादक. तायको ढोल जुनाच. देवळांत, उत्सवांत, नाटकांत वाजायचा. पण लहानमोठे तायको एकत्र मांडून त्यांचाच स्वतंत्र वाद्यवृंद करायची कल्पना नागानो भागातल्या दाइहाची ओगुची याची, १९५१ सालची. ओगुची जॅझमधला ड्रमवादक होता. ड्रमसेटवर एक माणूस जी वेगवेगळी कामं करतो ती त्याने वेगवेगळ्या ढोलांना वाटून दिली: वरच्या पट्टीतला लहान शिमे-दाइको सतत ठेका धरणार, मधले ढोल मुख्य वाक्य बोलणार, थोरला ओदाइको तळ भरणार. तायको शिकवतात तोही तोंडी बोलांनी, ‘दोन’, ‘दोको’, ‘का’ असा. तबल्याच्या विद्यार्थ्याला हे परकं वाटणार नाही.

ब्राझीलमधल्या रिओच्या कार्निव्हल मिरवणुकीतले सांबा ताफेही असेच. १९२८ साली एस्तासियो वस्तीत ‘देशा फालार’ हा गट निघाला, त्याला पहिली सांबा शाळा, म्हणजे मिरवणुकीत उतरणारा सांबाचा गट, मानतात. रस्त्यावरून चालता चालता गायचं तर सगळ्यांना एकत्र ठेवणारा जाड ठोका हवा. सुर्दो हा मोठा ढोल त्या गरजेतून आला आणि त्याचं श्रेय त्याच गटातल्या बिदे याला दिलं जातं. आज रिओच्या मोठ्या शाळेच्या ताफ्यात अडीच-तीनशे तालवादक असतात. दोन मात्रांचा ताल. पहिला सुर्दो दुसऱ्या मात्रेवर जोरकस पडतो, दुसरा सुर्दो पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो, आणि तिसरा या दोघांच्या मधली जागा कापत खेळतो. वजन दुसऱ्या मात्रेवर असल्यामुळे सांबा सतत पुढे झुकलेला वाटतो. मांगेरा शाळेच्या ताफ्यात उत्तर देणारा सुर्दोच नाही. पहिला बोलतो आणि जबाबाची जागा रिकामी राहते. जाणकार डोळे मिटून सांगतात की ही मांगेरा चालली आहे.

इथे गाणं आहे, गायक आहे, काव्हाकिन्यो हे चार तारांचं छोटं वाद्यही आहे. तरी पुढारी ताफा कसा, ते ‘पारादिन्या’त कळतं. मोसिदादे शाळेचे मेस्त्रे आंद्रे यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. भर मिरवणुकीत सगळा ताफा एकदम थांबतो. हजारो माणसं नाचता नाचता गात राहतात, ठेका प्रत्येकाच्या अंगात चालू असतो, आणि मग रेपिनिकी या उंच आवाजाच्या ढोलाची हाक येते की अडीचशे जण बरोबर जागेवर परत पडतात. चूक झाली तर परीक्षक गुण कापतात, कारण ताफ्याच्या वादनाला स्वतंत्र गुण असतात.

एका माणसाचा ताफा

ड्रमसेट आपल्याला एकच वाद्य वाटतो. मुळात तो एका माणसात कोंबलेला ताफा आहे. कवायतीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण, बारीक ढोल दुसरा आणि झांजा तिसरा वाजवायचा. पायाने मोठा ढोल वाजवता येईल असं चांगलं पेडल लुडविग बंधूंनी १९०९ साली पेटंट केलं, आणि तिघांचं काम एकाकडे येणं सोपं झालं. त्यामुळे बँडमधला ड्रमवादक ऐकतानाही तोच प्रश्न लागू पडतो. त्याच्या चार हातापायांपैकी कोण बदलत नाही? बहुतेक वेळा तो हाय-हॅट या जोडझांजेवरचा हात असतो. तीच इथली घंटा. नायजेरियातल्या लागोसचा टोनी ॲलन याने फेला कुटीच्या बँडमध्ये चारही हातापायांना अशी वेगवेगळी वाक्यं दिली की ॲफ्रोबीट हा प्रकारच त्याच्या हातांवर उभा राहिला.

अमेरिकेत हीच गोष्ट जेम्स ब्राउन या गायकाने वेगळ्या बाजूने केली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने बँडमधल्या सुरांच्या वाद्यांनाच ढोल करून टाकलं. सगळी वाद्यं, गिटारसुद्धा, आपल्याला ढोलासारखी ऐकू येत होती, असं त्याने आत्मचरित्रात म्हटलं आहे. गिटार तुटक तुटक टाचा मारते, ट्रंपेट-सॅक्सोफोन एखाद्या मात्रेवर टोला देऊन गप्प होतात, आणि स्वरांची हालचाल जवळजवळ थांबते. त्याचा सगळा भर ‘एका’वर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. त्याआधीच्या ऱ्हिदम अँड ब्ल्यूजमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायचं. ब्राउनने ते पहिल्यावर आणलं आणि सगळ्यांना तिथे एकत्र यायला लावलं. सम ज्याच्या अंगात भिनली आहे अशा श्रोत्याला ब्राउनचा हा प्रकार, म्हणजे फंक, लवकर आवडतो तो यामुळे, असं माझं मत आहे.

नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्राउनच्या बँडने ‘फंकी ड्रमर’ हे गाणं मुद्रित केलं. त्यात एका जागी बाकी सगळे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड काही सेकंद एकटाच वाजवतो. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमन असाच चार आवर्तनं, सहा-सात सेकंद एकटा वाजवून गेला. अशा जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका घरगुती पार्टीत तबकड्या वाजवणाऱ्या कूल हर्क या डीजेने ओळखलं की लोक खरे नाचतात ते या ब्रेकवर. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत त्याने तो लांबवला. हिप-हॉपचा जन्म इथला मानतात. काही सेकंदांच्या ठेक्याला आवर्तन मिळालं आणि तो गाण्याचा पाया झाला.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलमनच्या त्याच ठेक्याची संगणकावर एकेक ठोका सुटा करून कापणी झाली. गती वाढवून ते ठोके नव्या क्रमाने जोडले, आणि त्यातून जंगल आणि मग ड्रम अँड बेस हे प्रकार निघाले. मिनिटाला १६० ते १८० ठोके, आणि खाली बेस, म्हणजे खर्जातली सुरावट, मात्र त्याच्या निम्म्या चालीने. वर दुगुण, खाली ठाय, दोन्ही एकदम. पहिल्यांदा ऐकताना ड्रमकडे लक्ष दिलं तर धाप लागते. बेसला धरून ऐका, म्हणजे वरची सगळी धावपळ स्पष्ट दिसायला लागते.

या दोन ड्रमवादकांचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्टबलफील्डचा ठेका हजाराहून अधिक गाण्यांत वापरला गेला. त्याला त्यातून स्वामित्वधन मिळालं नाही, कारण गाण्याचा रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउनचं होतं. कोलमन २००६ साली हलाखीत गेला. त्याच्या सहा-सात सेकंदांवर संगीताची एक अख्खी शाखा उभी आहे, पण त्याचे पैसे त्याच्यापर्यंत आले नाहीत. रचना म्हणजे चाल आणि शब्द, असा हिशेब कायद्याच्या आणि कंपन्यांच्या वहीत पूर्वीपासून आहे. ठेका वाजवणारा तिथे रोजंदारीवरचा माणूस. ज्या संगीतात चाल जवळजवळ नाहीच आणि ठेका हेच सगळं आहे, तिथेही हाच हिशेब लावला गेला, हे मला उघड अन्यायाचं वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरमधून जाड ढोल जवळजवळ गायब होतात आणि पाया नसलेलं संगीत कानावर पडतं. फंकपासून सुरू करा, तिथे सम लगेच सापडते. मग आग्बेकोर: पहिली पाच मिनिटं फक्त घंटा, ढोलांकडे लक्षच नको. पंचारी शेवटी घ्या, पण संपूर्ण घ्या. थेट पाचव्या काळावर उडी मारू नका. पहिल्या काळात शहाण्णव मोजायचा प्रयत्न सोडून इलत्तालमच्या झांजा धरा आणि कुळलचा सूर कुठे येऊन थांबतो ते पाहा. तो थांबतो ती आवर्तनाची कड. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती कड यायच्या आधीच तुमचा हात उचलला जाईल.